तेरशीपर्यंतचे तीन दिवस

शेलूबाजारापासून दोन कोसांवरच्या एका गावात पुंजाजींची सून तुळसाबाई राहत होती. तिला सुखी कुणी म्हणत नसे आणि दुःखी म्हणायला कुणाची जीभ रेटत नसे. कपाळावर भलंमोठं कुंकू, हातात कोपराकडे सरकणाऱ्या हिरव्या बांगड्या, आणि नवरा बारा वर्षं बेपत्ता. हळदीकुंकवाला तिला बोलावणं असे, पण ओटी भरायची वेळ आली की बायकांना नेमकी चुलीवरच्या दुधाची आठवण होई. अशा घरातून तुळसाबाई उठायची आणि गोठ्यात जाऊन शेण काढायची. शेणाला सवाष्ण काय आणि कोण काय, सारखंच.

तिचा नवरा जानराव गेला तो होळीनंतरच्या दशमीला. गव्हाच्या खळ्यावरून उठला, शेलूहून येतो म्हणाला आणि गेला. भांडण नाही, तंटा नाही. भांडण झालं असतं तर तुळसाबाईला धरून बसायला निदान तेवढं तरी मिळालं असतं. तिचं वय तेव्हा वीस. पहिल्या वर्षी ती रोज दोन भाकरी जास्तीच्या थापायची. दुसऱ्या वर्षी सासू प्रयागबाईनं पिठाच्या डब्यावर हात ठेवला आणि मान हलवली, तेव्हापासून थापणं थांबलं. वाट पाहणं काही थांबलं नाही.

सासरे पुंजाजी म्हणजे गावाचं चालतंबोलतं पंचांग. पेरणीचं नक्षत्र, सोयरिकीचा मुहूर्त, कुणाचं श्राद्ध कोणत्या तिथीला, सगळं त्यांना विचारून. छापलेलं पंचांग चुकेल पण पुंजाजी चुकणार नाहीत, असं लोक म्हणत आणि पुंजाजी ते खरं मानत. हीच त्यांची मोठी खोड. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, नंतर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, तेराव्याचं जेवण घालायचं आणि बायकोचं कुंकू पुसायचं, ही रीत त्यांना तोंडपाठ होती. यंदाच्या फाल्गुन वद्य दशमीला बारा वर्षं पुरी होत होती. म्हातारा सत्तरीला टेकलेला. आपण गेल्यावर पोराला पाणी कोण देणार, या एका विचारानं त्यांचा घास अडकायचा.

आणि अशात एकोणीसशे छप्पनच्या कार्तिकात हेमसिंग बंजारा काशीहून परतला. शेजारच्या तांड्यातला हा माणूस, आईच्या अस्थी घेऊन गेला होता. घाटावर त्याचं बोलणं ऐकून एक जटावाला साधू थांबला. शेलूचा बाजार भरतो का म्हणाला, खळ्यांवर यंदा गहू कसा पडला म्हणाला, आणि सगळ्यात शेवटी पुंजाजी बरे आहेत का म्हणाला. हेमसिंगनं डोळे ओळखले. नाव घेतलं तर साधू हसला आणि एवढंच बोलला, "दर साली फागुन बदी तेरसेले मी नेपाळात पशुपतीले असतो. अमावसेलोक, तीन दिस, राह्यतो. कोनाले याचं असन तर या म्हना."

हेमसिंगनं निरोप शब्दाला शब्द पोचवला. तुळसाबाई त्या वेळी दाराआड उभी होती. तिच्या हातातला तांब्या कलंडला आणि सगळं पाणी तिच्या पायांवर सांडलं, तरी ती जागची हलली नाही.

मग पुंजाजींचं गणित सुरू झालं. शाळेचे मास्तर म्हणाले, पशुपतीला साधूंचा मेळा तर महाशिवरात्रीला भरतो, म्हणजे माघातच निघा. पुंजाजींनी मास्तरांना पार उडवून लावलं. "त्याले शिवरात्र म्हनाची असती तर शिवरात्र म्हनला असता. फागुन बदी म्हनला तो. बदी म्हनजे वद्य. माघ कायले आनता मधात?" मास्तर शाळेकडे चालू लागले. पुंजाजींपुढे महिन्यांवर बोलणं म्हणजे सोनाराला सोनं शिकवणं, असं त्यांनाही वाटलं असावं.

होळी झाली, धूळवड झाली, आणि तिघं जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीत बसले. अकोला, भुसावळ, अलाहाबाद, असं करत करत रक्सौल. प्रयागबाई जन्मात पहिल्यांदा परमुलखात चालली होती. तिला वाटलं होतं की मुलूख बदलतो तिथं भिंत असेल, निदान मोठा दरवाजा तरी. टांगेवाल्यानं एक पूल ओलांडला आणि म्हणाला, आलं नेपाळ. तिनं मागं वळून पाहिलं, पुढं पाहिलं, आणि इथलीही माती मातीच आहे म्हणून तिला थोडं बरं वाटलं. वीरगंजहून एक मालट्रक डोंगरातल्या नव्या सडकेनं त्यांना काठमांडूला घेऊन गेला. ड्रायव्हरनं बजावलं की चतुर्दशीला पहाटे परत निघणार, थांबणार नाही, पुढचा ट्रक कधी मिळेल ते देवाला ठाऊक. पशुपतीजवळच्या धर्मशाळेत ते पोचले तेव्हा दशमीचा दिवस मावळत होता. हातात पुरते तीन दिवस होते: एकादशी, द्वादशी आणि तेरस.

या तीन दिवसांत काय पाहायचं यावर त्या खोलीत म्हातारा-म्हातारीचं जे वाजलं, ते घरी वाजलं असतं तर भाऊकी गोळा झाली असती. प्रयागबाईनं येतानाच कुणाकुणाला काय काय पाहून येईन म्हणून कबूल केलं होतं. पाण्यावर झोपलेला विष्णू आहे म्हणतात तो, रानातली गुह्येश्वरी, आणि गावच्या बायकांसाठी राजाचा वाडा, मग बाहेरून का होईना. पुंजाजींनी शेवटी वाटणी केली. एकादशीला विष्णू, द्वादशीला गुह्येश्वरी आणि वाडा, तेरशीला पशुपती, कारण तेरशीला प्रदोष आणि प्रदोषाला महादेव. पोरगा तेरशीलाच येणार म्हणालाय, मग दोन दिवस घाटावर बसून काय माशा मारायच्या?

तुळसाबाई सासऱ्याशी कधी समोरासमोर बोलली नव्हती. पदर ओढून, सासूच्या कानात सांगून, असंच बारा वर्षं चाललेलं. त्या दिवशीही तिनं सासूलाच सांगितलं. म्हणाली, देव कुठं जात नाहीत. माणूस एखादा दिवस आधी येईल, एखाद्या झाडाखाली बसेल, आपण दिसलो नाही तर उठून जाईल. मला नका नेऊ, मला घाटावर बसवा. प्रयागबाईनं ते नवऱ्याला सांगितलं नाही. परमुलखात एकटी बाई घाटावर, हे तिला नुसतं ऐकवेना.

एकादशीला पहाटेच निघून तिघं तीन कोस चालत गेले. काळ्या दगडाचा विष्णू खरंच पाण्यात निजलेला होता, शेषाच्या वेटोळ्यांवर, डोळे मिटून. प्रयागबाईनं हात जोडले आणि तिच्या डोळ्यांतून धार लागली. तुळसाबाईनं देवाकडे नीट पाहिलंही नाही. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक भगव्या कपड्याकडे ती पाहत होती. एका बैराग्यामागं तर ती पन्नास पावलं धावली. त्यानं वळून पाहिलं तेव्हा तो सतरा-अठरा वर्षांचा निघाला.

धर्मशाळेत परतल्यावर दुपार टळायच्या आत फराळासाठी शेंगदाणे काढायला तिनं पुंजाजींचं गाठोडं सोडलं. आत धोतरात गुंडाळलेली एक मोळी होती. वाटेत जेवायला पत्रावळीची पानं घेतलीत, असं म्हातारा गाडीत म्हणाला होता. पण पानं नव्हती. नुसते देठ होते. पळसाचे, दहा-दहांच्या जुड्या बांधलेले, आणि शेजारी एक सोललेला नारळ. तुळसाबाईनं आयुष्यात हजारो पत्रावळी लावल्या होत्या. पानांशिवाय देठ कुणी कशासाठी नेतं हे तिला सांगावं लागलं नाही. डोक्याला चाळीस, मानेला दहा, मस्तक म्हणून नारळ. तिचा नवरा त्या धोतरात गुंडाळून जऊळक्यापासून तिच्या शेजारी बसून आला होता.

तिनं गाठोडं पुन्हा बांधलं. गाठ तीनदा सुटली. सासू आली तेव्हा तिनं विचारलं, "आत्याबाई, तुमाले ठाऊक होतं?"

प्रयागबाई भिंतीला टेकून खाली बसली. "मले इचारून त्यायनं कोन्तं काम केलं आजवर?" आणि मग आवाज पार खाली आणून ती म्हणाली, "मी कायले एवढे देव पाहून राह्यली माय? एकानं नाही आयकलं तं दुसरा आयकन म्हनून."

त्यानंतर तुळसाबाईनं तिच्याशी वाद घातला नाही. एक दिवस गेला होता. तेरशीला तो नाही दिसला तर हेमसिंगनं पाहिलेला दुसराच कुणी असं म्हातारा धरणार होता, संध्याकाळी याच नदीवर तिचं कपाळ पुसलं जाणार होतं, आणि गावी ती पांढऱ्या कपाळानं उतरणार होती.

द्वादशीला गुह्येश्वरीच्या वाटेवरच्या टेकडीवरून तिला नदीकाठ दिसला. पायऱ्यांवर, ओवऱ्यांत, झाडांखाली, जागोजाग राखेची काळी वर्तुळं होती. शेकडो असतील. एकातही विस्तव नव्हता. माकडं राख उकरत होती. ती सासूला म्हणाली, साधूंच्या धुन्या आहेत, पण साधू कुठं आहेत? प्रयागबाईनं नवऱ्याला विचारलं. पुंजाजी म्हणाले, उद्या तेरस आहे, उद्या येतील. मग शहरात जाऊन राजाचा वाडा पाहिला. पांढराशुभ्र, दारावर बंदूकवाला शिपाई. प्रयागबाईनं खिडक्या मोजल्या आणि मोजणी मध्येच सोडून दिली. तुळसाबाई वाड्याकडे पाठ करून उभी होती.

तेरशीला पहाटे तुळसाबाई घाटावर जाऊन बसली, ती कुणी उठवेल तेव्हा उठेन अशा बेतानं. सकाळ गेली. पाच-सहा साधू दिसले, सगळे तिथलेच, म्हातारे. दुपार झाली. पलीकडे एक चिता विझत आली होती. दर वेळी पुलावर कुणी दिसलं की तिचं सगळं अंग कानांत-डोळ्यांत जाई, आणि तो माणूस जवळ आला की दुसराच कुणीतरी होई. महादेवाचं दर्शन तिनं घेतलं की नाही, हे तिला पुढे कधी आठवलं नाही. तिसऱ्या प्रहरी ऊन पायऱ्यांवरून वर चढलं आणि पुंजाजी गाठोडं घेऊन खाली आले. बरोबर तिथला भटजी.

म्हाताऱ्यानं देठांचा पुतळा मांडला. हात, पाय, छाती. नारळ ठेवताना तो दोनदा घरंगळला, तेव्हा त्यांनी त्याच्याखाली आपला रुमाल सारला. मग नदीत उतरून, ओल्या धोतरानं ते पूर्वेला तोंड करून बसले. ओंजळीत पाणी घेतलं. भटजीनं संकल्प म्हणायला सुरुवात केली. देश, नदी, संवत्सर, आणि मग, "चैत्रमासे, कृष्णपक्षे, त्रयोदश्यां तिथौ..."

पुंजाजींनी डोळे उघडले. आयुष्यभराची सवय, चूक ऐकून घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. फाल्गुन म्हणा, असं ते म्हणाले. भटजी म्हणाला, चैत्र. पुंजाजी चिडले. भटजी शांतपणे म्हणाला की बाबा, तुमच्या दक्षिणेत महिना अमावस्येला संपतो, आमच्याकडे पौर्णिमेला. होळी झाली, पौर्णिमा झाली, की दुसऱ्या दिवशी आमचा चैत बदी लागला. फागुन बदी तेरस महिन्यामागं झाली, शिवरात्रीच्या आदल्या दिवशी. हजारो साधू होते इथं तेव्हा. पाय ठेवायला जागा नव्हती.

ओंजळीतलं पाणी हलायला लागलं. बारा वर्षांत जानराव आपली बोली विसरला नव्हता, पण महिने त्याचे तिकडचे झाले होते. त्यानं निरोप दिला तो शिवरात्रीचाच. मास्तरांना जे कळलं ते पुंजाजींना कळलं नाही, कारण पुंजाजींना सगळं कळत होतं.

भटजी म्हणाला, पाणी सोडा. म्हाताऱ्याची बोटं सैल व्हायला लागली होती, आणि तुळसाबाईनं पुढे होऊन सासऱ्याच्या ओंजळीखाली आपली ओंजळ धरली. डोक्यावरचा पदर पडला होता.

"मामाजी, सोडू नका. ते जित्ते हायेत. ते इथं येऊन गेले."

बारा वर्षांत तिनं त्यांना सांगितलेलं हे पहिलं वाक्य. पुंजाजींनी ओंजळ उलटी केली ती घाटावर नाही, तिच्या ओंजळीत. मग ते उठले आणि ओल्या धोतरानं त्या राखेच्या वर्तुळांमधून फिरायला लागले. एकेका धुनीपाशी वाकून पाहायचे, पुढच्या धुनीकडे जायचे, तिथून परत मागच्या धुनीकडे यायचे. काय शोधत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वाकताना तोंडानं चाललं होतं, मी चुकलो, मी चुकलो. प्रयागबाई त्यांच्या मागं मागं. भटजीनं आपली पळी-पंचपात्री उचलली आणि तो निघून गेला.

तुळसाबाई पूल ओलांडून पलीकडे धावली. तिथं एका दगडी देवळीत एक म्हातारा साधू पडून होता. पायाला सूज, म्हणून मेळ्यानंतर मागं राहिलेला. तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, शिवरात्रीला वऱ्हाडातला कुणी बाबा आला होता का? साधू उठून बसला. म्हणाला, तू बोलतेस तसंच तो बोलायचा. हो, आला होता. तेरशीला आला आणि या पुलाच्या तोंडाशी बसला. येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूचं तोंड पाहायचा. त्याचे गुरू त्याला म्हणत होते की पुरा संन्यास घे, किती वर्षं अर्धामुर्धा राहशील. तो म्हणाला, घरी निरोप पाठवलाय. कुणी न्यायला आलं तर परत जाईन. अमावस्या झाली, सगळे साधू उठले, तरी हा दोन दिवस आणखी बसला.

तुळसाबाईनं दगड धरला. "फिर?"

"फिर क्या, माई. कोई नहीं आया. सिर मुंडाया, यहीं नहाया, अपना पिंड आप दिया और चला गया उत्तर में. अब न वो किसी का बेटा, न किसी का मरद."

त्याचं नवं नाव साधूनं सांगितलं. तिच्या कानावर ते पडलं आणि आत गेलं नाही. ती तिथंच बसली. रडू आलं नाही. आपण वाट पाहत होतो तशी तोही पाहत होता, इथं, या पुलाशी, आणि त्या दिवसांत आपण गावी गहू सोंगत होतो, हे तिला कळलं आणि त्याच्यापुढं काही कळेनासं झालं. इतका वेळ नवऱ्याचा पुतळा जळू नये म्हणून तिचा जीव चालला होता. आणि त्यानं स्वतःच स्वतःचं सगळं उरकलं होतं, महिनाभर आधी, याच पाण्यात.

ती परतली तेव्हा पळसाचे देठ पायऱ्यांवर विस्कटलेले होते आणि प्रयागबाई ते एकेक उचलून नदीत टाकत होती. पुंजाजी पायरीवर बसले होते. गुडघ्यापर्यंत राख, ओलं धोतर अंगाला चिकटलेलं. सून समोर आली तशी त्यांनी मान वर केली. त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं.

"कोनी भेटलं काय वो? काही समजलं काय?"

तुळसाबाईच्या तोंडाशी आलं होतं. बोलली असती तर सगळं तिथंच संपलं असतं, कुंकू, वाट पाहणं आणि हा म्हाताराही. तिनं डोक्यावर पदर घेतला.

"एक बुढा साधू भेटला. म्हने, येते ते दर साली."

"पुढच्या साली येतीन?"

"येतीन."

प्रयागबाईनं हातातले उरलेले देठ पाण्यात सोडले आणि डोळे पुसले. तिच्या आवाजात एकदम जीव आला. म्हणाली, पुढच्या साली आपण मास्तरला विचारून निघू. वाडा नको, झोपलेला देव नको, काही म्हणजे काही पाहायचं नाही. उतरायचं ते थेट इथं, पुलाच्या तोंडाशी बसायचं. पुंजाजी बोटांच्या पेरांवर माघ वद्य तेरशीपर्यंतचे महिने मोजायला लागले. एकदा चुकले, पुन्हा पहिल्या पेरापासून सुरुवात केली, आणि अकरा महिने आहेत ना, असं सुनेलाच विचारलं.

"हो मामाजी," तुळसाबाई म्हणाली. "तिन्ही दिवस इथंच बसू."